नोंदीत नसलेले अठरा युनिट

प्रश्न : मी चार वर्षांपासून एका रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डमध्ये स्टाफ नर्स आहे. तीन दिवसांपूर्वी नाइट ड्युटीला अठ्ठावीस रुग्णांमागे आम्ही दोघीच होतो आणि माझी जोडीदार नव्या अ‍ॅडमिशनमध्ये गुंतली होती. पायाला जखम असलेल्या एका मधुमेही रुग्णाला रात्री आठ वाजता १२ युनिट साधे इन्सुलिन द्यायचे होते. नेहमीच्या सिरिंज संपल्या होत्या, म्हणून मी दुसऱ्या खोक्यातली घेतली. अकराच्या सुमारास त्याला दरदरून घाम फुटला. साखर ४६ भरली. ड्युटी डॉक्टरांना बोलावले, शिरेतून ग्लुकोज दिले आणि तो सावरला. पहाटे ट्रे आवरताना लक्षात आले, की व्हायल (औषधाची कुपी) १०० ची, म्हणजे मिलिलिटरमागे १०० युनिटची होती आणि सिरिंज ४० ची, म्हणजे मिलिलिटरमागे ४० युनिटच्या खुणांची. एका वरिष्ठ सिस्टरना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "पेशंट बरा आहे ना, मग विषय वाढवू नकोस." केसपेपरवर 'साखर कमी झाली, उपचार दिले' एवढेच आहे. सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी त्याचे इन्सुलिन १२ वरून ८ केले. तेव्हापासून मला झोप नाही. मीच निष्काळजी, असे सतत वाटते. प्रत्येक इंजेक्शन पाच पाच वेळा तपासते, तरी हात थरथरतो. मी हे सांगावे का? सांगितले तर नोकरी राहील का? की हे कामच सोडावे?

उत्तर :

तुमच्या पत्रातले सर्वांत तातडीचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे : डॉक्टरांनी इन्सुलिन १२ वरून ८ केले. हे उत्तर प्रसिद्ध होईपर्यंत थांबणे योग्य नव्हते, म्हणून त्याचा पहिला भाग पत्र मिळाले त्याच दिवशी तुम्हाला कळवला आहे. तुमच्यासारख्या प्रसंगात सापडलेल्या इतरांसाठी तो येथे पुन्हा मांडते.

डॉक्टरांच्या जागी उभ्या राहून तो केसपेपर वाचून पाहा. त्यावर रात्री आठला १२ युनिट इन्सुलिन आहे आणि तीन तासांनी ४६ साखर आहे. एवढ्यावरून कोणताही जाणता डॉक्टर असाच निष्कर्ष काढील, की या रुग्णाला १२ युनिट झेपत नाहीत. प्रत्यक्षात ४० च्या सिरिंजमध्ये १२ च्या खुणेपर्यंत भरलेले औषध म्हणजे ०.३ मिलिलिटर, आणि १०० च्या व्हायलमधले ०.३ मिलिलिटर म्हणजे ३० युनिट. रुग्णाला अडीच पट डोस गेला होता, त्यामुळे १२ युनिट त्याला योग्य आहेत की नाहीत, याविषयी त्या रात्रीने काहीच सिद्ध केलेले नाही. तरीही तीन दिवस त्याला त्याच समजुतीवर कमी इन्सुलिन मिळते आहे. साखर चढी राहिली, तर पायाची जखम भरून येण्यास वेळ लागेल आणि जंतुसंसर्ग बळावण्याची भीती वाढेल. शिवाय मूत्रपिंडाचे काम मंदावले की इन्सुलिनचा परिणाम अधिक काळ टिकतो, हे डॉक्टरांना ठाऊक असते. त्यामुळे अचानक साखर का उतरली, याचा शोध घेण्यासाठी त्या रुग्णाचे रक्त एव्हाना दोनदा काढले गेले असले तरी नवल नाही.

म्हणून 'सांगावे का' या प्रश्नाचे उत्तर मी प्रामाणिकपणाच्या अंगाने देतच नाही. ते अठरा जादा युनिट ही रुग्णाच्या उपचारासाठी आवश्यक असलेली माहिती आहे, जशी त्याची ॲलर्जी किंवा त्याची चालू औषधे ही माहिती आहे, आणि ती आज केवळ तुमच्यापाशी आणि एका वरिष्ठ सिस्टरपाशी आहे. त्या सिस्टरांचा हेतू वाईट होता, असे मी म्हणणार नाही. त्यांनी तुम्हाला वाचवण्याचा विचार केला; पेशंट बरा आहे, हा निष्कर्ष मात्र त्यांनी एका रात्रीपुरता काढला.

सांगायचे ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना, शक्य तर एकाच वेळी, आणि पुढची ड्युटी सुरू होण्याची वाट न पाहता. घाबरलेले माणूस सुरुवात सफाईने करते आणि मूळ गोष्ट शेवटी, तीही अर्धवट सांगते, म्हणून बोलण्याचा क्रम आधी ठरवून ठेवावा. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली एक चार पायऱ्यांची पद्धत आता अनेक ठिकाणी शिकवली जाते : आत्ताची स्थिती, मागची हकीकत, आपला अंदाज आणि आपली विनंती. तुमच्या बाबतीत ती अशी होईल : "डॉक्टर, चौदा नंबरच्या रुग्णाच्या इन्सुलिनचा सध्याचा डोस चुकीच्या माहितीवर ठरला आहे. त्या रात्री आठ वाजता १२ युनिटऐवजी ३० युनिट गेले होते. १०० च्या व्हायलमधून ४० च्या सिरिंजने माझ्या हातून भरले गेले. अकराची ४६ साखर त्यामुळे झाली असावी. त्याचा डोस आणि तीन दिवसांचे साखरेचे आकडे कृपया आता पुन्हा पाहावेत." खाटेचा क्रमांक मी कल्पनेने घातला आहे; बाकीची वाक्ये कागदावर लिहून नेली तरी हरकत नाही. कारणे, गर्दी, संपलेल्या सिरिंज हे सर्व नंतर.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी डिगॉक्सिन या हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या औषधाची गोळी एका वृद्ध बाईंना माझ्या हातून दुसऱ्यांदा गेली, कारण त्या दुसऱ्या वॉर्डमधून आल्या होत्या आणि तिकडची सकाळची नोंद आमच्या चार्टवर उतरलीच नव्हती. त्यांची नाडी ४८ वर आली. मी रडतच मेट्रनबाईंकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी किती वाजता दिलीस?" 'कशी दिलीस' हा प्रश्न त्यांनी संध्याकाळी, त्या बाईंची नाडी सुधारल्यावर विचारला. पुढे अशा घटनांच्या चौकशी समितीवर मी बरीच वर्षे बसले आणि हा क्रम मोडला गेला, की चौकशी कशी बिघडते, हे अनेकदा पाहिले.

आता नोंदीविषयी. त्या रात्रीची नोंद खोडू नका, तिच्यावर गिरवू नका आणि ओळींच्या मधल्या जागेत काही घुसडू नका. आजची तारीख आणि वेळ घालून 'उशिरा केलेली नोंद' असे स्पष्ट लिहा आणि तिच्यात फक्त घडलेले लिहा : कोणती व्हायल, कोणती सिरिंज, किती खुणेपर्यंत, किती वाजता, कोणत्या वेळी कोणती साखर, कोणता उपचार आणि चूक तुमच्या लक्षात कधी आली. 'गडबडीत', 'नजरचुकीने', 'दुर्दैवाने' हे शब्द नोंदीला काही उपयोगाचे नसतात. उशिरा केलेल्या नोंदीचे नियम रुग्णालयागणिक थोडे वेगळे असतात, त्यामुळे इन्चार्ज सिस्टरांसमोर बसून लिहिलेले बरे.

रुग्णालाही हे कळले पाहिजे, कारण शरीर त्याचे आहे. पण ते तुम्ही एकटीने, रात्री, खाटेच्या कडेला उभे राहून सांगू नये. डॉक्टर आणि इन्चार्ज यांच्याबरोबर, शांत जागी, रुग्णाला हवे असल्यास त्याच्या नातेवाइकांच्या उपस्थितीत सांगावे : काय घडले, त्याचा काय परिणाम झाला, आता काय करत आहोत, आणि आम्हाला याचा खेद आहे. दिलगिरी व्यक्त करताना 'तुम्हाला त्रास झाला असेल तर' असा 'तर' घालू नये. त्रास झाला होता. असे सांगितल्याने दावे आणि भांडणे वाढतील, अशी भीती व्यवस्थापनाला असते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयाने २००१ पासून चुका स्वतःहून उघड करण्याचे, क्षमा मागण्याचे आणि योग्य तेथे भरपाई देण्याचे धोरण स्वीकारले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात नव्या दाव्यांचे प्रमाण वाढण्याऐवजी घटलेले आढळले. एका संस्थेचा अनुभव सगळीकडे जसाच्या तसा लागू होतो, असा माझा दावा नाही, पण भीतीच्या बाजूनेही कोणी एवढा पुरावा मांडलेला नाही, असे मला वाटते.

नोकरी राहील का, याची हमी मी देऊ शकत नाही. तसा शब्द देणाऱ्याच्या बोलण्यावर विसंबू नये. समंजस चौकशीत तीन गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात. हात चुकणे ही एक; सवयीने आडवाट धरणे, म्हणजे सगळेच करतात म्हणून ओळखपट्टी न पाहणे, ही दुसरी; आणि धोका स्पष्ट दिसत असताना बेपर्वाईने पुढे जाणे ही तिसरी. पहिलीला धीर द्यावा आणि व्यवस्था दुरुस्त करावी, दुसरीला समज द्यावी, शिक्षा केवळ तिसरीला. तुमचे कृत्य पहिल्या प्रकारातले आहे. मात्र चूक ठाऊक असूनही तीन दिवस लपलेली राहिली, हे वेगळे मोजले जाईल आणि प्रत्येक दिवसागणिक त्याचे वजन वाढत जाईल. तुमच्या रुग्णालयात चौकशी समंजस होण्याची शक्यता तुम्हाला कमी वाटत असेल, तर बोलण्याआधी तुमच्या परिचारिका संघटनेतील एखाद्या जाणत्या व्यक्तीचा सल्ला घ्या आणि त्यांना बरोबर न्या. पण हा सल्ला तासाभरात घ्या, आठवड्याभरात नव्हे.

तुम्ही पत्रात स्वतःला 'निष्काळजी' असा शब्द वापरला आहे, तो मला मान्य नाही. त्या रात्री तुमच्या हातात चुकीची सिरिंज आली, त्याआधी किती गोष्टी घडून गेल्या होत्या, ते पाहा. दोन वेगळ्या तीव्रतेच्या व्हायल एकाच वॉर्डमध्ये ठेवण्याचा निर्णय कोणीतरी घेतला. दोन्ही प्रकारच्या सिरिंज शेजारशेजारच्या खोक्यांत ठेवल्या गेल्या. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते, आणि रात्रीच्या मंद दिव्यात हे दोन रंग एकमेकांची नक्कल करतात. १०० च्या सिरिंज संपत आल्या आहेत, हे इंडेंट (साठ्याची मागणी) करणाऱ्याच्या लक्षात आले नाही. जोडीदार दुसरीकडे होती, म्हणून दुसरे डोळे नव्हते. औषध भरताना तुम्हाला कोणी हाक मारली होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण ते आठवून पाहा. सिडनीच्या रुग्णालयांत औषधे देणाऱ्या परिचारिकांचे निरीक्षण करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्ये आलेल्या प्रत्येक व्यत्ययाबरोबर चुकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेले दिसले होते. यांपैकी एकही गोष्ट 'यापुढे अधिक काळजी घेईन' या वाक्याने बदलत नाही, आणि तुमच्या जागी उद्या दुसरी सिस्टर असेल तेव्हा त्या सर्व गोष्टी तिचीही वाट पाहत असतील.

काळजी हा सर्वांत कमजोर उपाय आहे, कारण ती थकते. मजबूत उपाय तो, ज्यात चूक करणेच अवघड होऊन बसते. भूल देण्याच्या यंत्राला ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइडचा सिलिंडर जोडला जाऊ नये, म्हणून कोणी परिपत्रक काढून थांबले नाही. प्रत्येक वायूच्या सिलिंडरच्या छिद्रांची आणि यंत्रावरच्या खुंट्यांची जागा वेगळी केली गेली, आणि चुकीचा सिलिंडर तेथे बसेनासा झाला. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र इंजेक्शन पातळ न करता शिरेत गेले, तर हृदय बंद पडते. ते इतर इंजेक्शनांच्या शेजारी ठेवून सर्वांना सावध राहण्यास सांगणे हा जुना मार्ग होता, ते साध्या वॉर्डमधून हलवणे हा नवा. व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचे औषध शिरेतूनच द्यायचे असते; ते मणक्यातून दिले गेल्याने जगभर रुग्ण दगावले, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ते सिरिंजऐवजी छोट्या सलाइन पिशवीतून देण्याची शिफारस केली, कारण पिशवी मणक्याच्या सुईला लावण्याचे कोणाच्या मनात येत नाही. तुमच्या वॉर्डसाठी याच जातीचा उपाय म्हणजे इन्सुलिनची एकच तीव्रता ठेवणे आणि त्याच मापाच्या सिरिंज ठेवणे. ते लगेच शक्य नसेल, तर व्हायल आणि तिची सिरिंज एकाच डब्यात, असे दोन वेगळे डबे फ्रिजच्या दोन वेगळ्या कप्प्यांत असावेत, आणि डब्यातल्या सिरिंज संपल्या तर फार्मसीतून त्याच मापाच्या येईपर्यंत ती व्हायल उघडू नये.

यालाच लागून आणखी एक सवय आहे. डोस लिहिताना 'युनिट' हा पूर्ण शब्द लिहावा. इंग्रजी 'यू' अक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि १२ चे १२० होतात. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये न वापरण्याच्या संक्षेपांची जी यादी लागू केली, तिच्यात हे अक्षर आहे. त्याच यादीत दशांशचिन्हापुढचे अनावश्यक शून्यही आहे, कारण ५.० मधला ठिपका पुसट झाला की ते ५० वाचले जातात. तुम्ही डॉक्टरांचे अक्षर बदलू शकत नाही, पण ड्युटी बदलताना ओव्हर देताना आणि घेताना आकडा मोठ्याने वाचून ऐकणाऱ्याकडून परत वदवून घेऊ शकता.

तुमच्या पाच पाच वेळा तपासण्याविषयी थोडे स्पष्ट बोलते. एकाच माणसाने पाचदा पाहणे म्हणजे पाच तपासण्या होत नाहीत. पहिल्यांदा डोळ्यांनी जे मान्य केले, तेच ते पुढच्या चार वेळाही मान्य करतात, आणि दरम्यान दुसऱ्या रुग्णाच्या औषधाची वेळ टळते. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम, लहान मुलांचे डोस अशा मोजक्या जोखमीच्या औषधांना दुसऱ्या व्यक्तीची स्वतंत्र तपासणी हवी. स्वतंत्र हा शब्द महत्त्वाचा आहे. "मी बारा काढले आहेत, बघ बरोबर आहे ना" असे विचारले, तर समोरची मान डोलावते आणि सही करते. तिच्या हाती केसपेपर, व्हायल आणि भरलेली सिरिंज द्यावी, आपण गप्प राहावे आणि हे किती युनिट आहेत, ते तिने आपल्याला सांगावे. रात्री जोडीदार मोकळी होईपर्यंत इन्सुलिनला दहा मिनिटे उशीर होणार असेल, तर रुग्णाचे जेवणही तेवढेच थांबवता येते. या उशिराची लाज वाटू देऊ नका.

तपासणीचे सोंग आणि तपासणी यांत किती अंतर असते, याचे उदाहरण शस्त्रक्रियेच्या तपासयादीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची ही यादी आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहिली गेली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात ती सर्वत्र लागू झाल्यावर २०१४ च्या अभ्यासात मात्र म्हणावा असा फरक दिसला नाही. यावर तज्ज्ञांमध्ये बराच वाद झाला. माझे मत असे, की चौकटीत खूण करण्यासाठी कागद पुरतो, पण चौकटीमागचे संभाषण घडण्यासाठी सर्वांत कनिष्ठ व्यक्तीला 'थांबा' म्हणण्याची मुभा लागते. मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांत मोठ्या शिरेत घातलेल्या नळ्यांमुळे होणारे रक्तातील संसर्ग रोखण्याचा प्रयोग झाला, त्यात हात धुणे, रुग्णाला पूर्ण झाकणे, त्वचेला क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक लावणे अशा साध्याच पाच गोष्टी होत्या. पण डॉक्टरांनी एखादी गाळली तर काम थांबवण्याचा अधिकार सिस्टरना दिलेला होता. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : संसर्गाचा मध्यक दर (विभागांच्या दरांपैकी मधोमध येणारा) हजार नळी-दिवसांमागे (एक नळी एक दिवस राहिली, की एक नळी-दिवस) २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला.

हात थरथरणे आणि झोप उडणे यांना नाव आहे. चूक घडते तेव्हा तिचा पहिला बळी रुग्ण असतो आणि ती ज्याच्या हातून झाली, तो दुसरा, असे अल्बर्ट वू या अमेरिकी डॉक्टरांनी २००० मध्ये लिहिले, आणि तेव्हापासून या अवस्थेकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. गुपित सांभाळण्याचा ताण हा या त्रासातला मोठा भाग असतो, आणि बोलल्यावर तो बराच उतरतो, असा माझा अनुभव आहे. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप आली नाही, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तोवर काही दिवस तुम्हाला इंजेक्शनांऐवजी दुसरे काम देण्याची विनंती इन्चार्ज सिस्टरना करण्यात कमीपणा नाही. राजीनाम्याचा निर्णय मात्र या अवस्थेत घेऊ नका. त्या रात्री घाम पाहून वेळ न दवडता साखर मोजणारी आणि डॉक्टरांना बोलावणारी सिस्टर तुम्हीच होतात. तो घाम उकाड्याचा समजून चादर बदलणारी कोणी असती, तर तुमच्या पत्राचा मजकूर वेगळा असता.

शेवटी राहिला घटना-अहवालाचा फॉर्म. त्याच्या अखेरीस बहुधा 'सुचवलेली उपाययोजना' असा रकाना असतो, आणि चौकशी समितीवर असताना मी वाचलेल्या फॉर्मांत त्या रकान्यात जवळजवळ नेहमी 'यापुढे दक्षता घेईन' असे लिहिलेले असे. तुम्ही तेथे व्हायलच्या दोन तीव्रता, सिरिंजचे दोन प्रकार, त्या कोणत्या कप्प्यात होत्या आणि त्यांतला कोणता प्रकार वॉर्डमधून हलवता येईल, हे लिहा, आणि त्याखाली सही करा.